मालकिणीची व्हॅन

"गाडी तिची हाय, मी ड्रायव्हर."

हे म्हणताना आण्णांची मान हलायची नाही. नजर समोर रस्त्यावर, दोन्ही हात स्टेअरिंगवर. फक्त डाव्या हाताचा अंगठा सुटायचा आणि शेजारच्या सीटकडं वळायचा. कुणी स्टँडपर्यंत सोडा म्हटलं, कुणी पाहुण्यांना आणायला व्हॅन मागितली, उत्तर एकच. मालकिणीला इचारा. आणि अंगठा डावीकडं.

आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणणाऱ्या बायका गल्लोगल्ली सापडतील. पण बायकोला मालकीण म्हणणारा, आणि नुसतं म्हणून न थांबता आरटीओच्या पुस्तकात तसं छापून आणणारा माणूस मी एकच बघितला. व्हॅन आक्कांच्या नावावर होती, चालवायचे आण्णा. आक्कांना क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे शेवटपर्यंत कळलं नाही. मालकाला कशाला पायजे ते, असं त्या म्हणायच्या.

आता दोघंही नाहीत. आधी त्या गेल्या, मग काही वर्षांनी ते गेले, नागपूरला, मुलीकडं असताना. मधल्या काळात आम्ही ती व्हॅन घेऊन कोल्हापुरातनं नेपाळला जाऊन आलो. तेवढंच सांगायचंय.

मी तेव्हा शिवाजी पेठेतल्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचो. पगार त्याचा मिळायचा, पण गल्लीत ओळख नकल्यांमुळं. शाळेत असताना हेडमास्तरांच्या आवाजात बाहेरनं ओरडून दोन वर्गांना सुट्टी दिली होती, तेव्हापासून. भंगारवाला, तालमीतले वस्ताद, मॅच हरल्यावर रेफ्रीला समजावणारा आमच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन, कुणालाही सोडलं नाही. तुमच्याही गल्लीत असलं एखादं कार्टं असेलच. लग्नात त्याला बोलावतात आणि मयताला लांब उभं करतात.

आण्णा गाडी शिकायला आले तेव्हा रिटायर व्हायला आले होते. पाण्याच्या हापिसात कारकून. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला निळं पेन. आल्या आल्या मला "जय भीम, सर" म्हणाले. मी मागं वळून बघितलं, कुठले सर आले म्हणून.

विद्यार्थी मात्र भयंकर. हॉर्न मारणं त्यांना उद्धटपणा वाटायचा. रंकाळ्याच्या रस्त्यावर समोर म्हैस आली की गाडी थांबवायचे आणि काच बंद असताना आतनं विचारायचे, "पावणं, जाऊ का?" पावणं म्हणजे म्हैस. चौकात सगळ्यांना हातानं जावा जावा करत बसायचे. मागं रिक्षांची रांग, आणि सगळ्या शिव्या माझ्या खात्यात, कारण गाडीच्या टपावर पाटी आमच्या स्कूलची. मी संध्याकाळी ह्या सगळ्याची नक्कल त्यांच्याच दारात करायचो. आक्का पायरीवर बसून बघायच्या, डोळ्याला पदर लावून हसायच्या, आणि सगळं झाल्यावर म्हणायच्या, आता माजा काढ.

आक्कांचा आवाज जाडसर, जरा घोगरा. वाक्य सुरू व्हायच्या आधी एक बारका उसासा आणि शेवटाला हमखास 'की'. एकदा त्यांच्याच घरच्या फोनवरनं, त्यांच्यासमोर, त्यांच्या आवाजात मी आण्णांना हापिसात फोन लावला आणि येताना कोथिंबीर आणायला सांगितली. संध्याकाळी आण्णा दोन पेंड्या घेऊन हजर. आक्का हसून हसून जमिनीवर बसल्या. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं, एक पेंडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ती कोथिंबीर म्हणत न्हाय. कोतमीर म्हणत्या. तवाच मला शंका आलती." शंका आली होती तर दोन पेंड्या कशाला आणल्या, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

गाडीचं खूळ आक्कांचं. त्यांना लुंबिनीला जायचं होतं. बुद्धांचा जन्म झाला ती जागा, नेपाळात, सरहद्द ओलांडली की जवळच. त्यांच्या विहारातनं अधनंमधनं बस जायची. बायका जाऊन यायच्या, आठवडाभर त्याच गोष्टी सांगायच्या, आणि आक्का ऐकून घ्यायच्या. कारण त्यांना गाडी लागायची. एकदा निघाल्याही होत्या त्या बसनं. साताऱ्यापर्यंत ओकून अर्ध्या झाल्या, तिथं आण्णांनी उतरवून घेतलं आणि घरी आणलं. पुढच्या सीटवर खिडकी उघडी ठेवून बसलं की मात्र काही व्हायचं नाही. पण बसची पुढची सीट म्हणजे टूरवाल्याच्या सासूची.

तर म्हणून आपली गाडी. पुढची सीट, उघडी खिडकी, तोंडात लिमलेटची गोळी.

अजून एक गोष्ट होती. ती आक्कांनी मला एकदाच सांगितली, भाजी निवडता निवडता. त्यांच्या लग्नात वरातीला गावातल्या कुणी बैलगाडी दिली नाही. नवरा नवरी वस्तीपर्यंत चालत गेले, आक्कांच्या पायात नवीन चपला, त्या हातात घेतल्या. का दिली नाही हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला ते विचारावं लागत नाही. देठं बाजूला सारत त्या म्हणाल्या, "आता बग की. माज्या गाडीत बसून देशाच्या भाईर जातो." आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, मी जातो, मी येतो.

रिटायर झाल्यावर आण्णांनी व्हॅन घेतली. पांढरी, जुनी, कागलच्या एमआयडीसीतल्या कुणाची तरी. सीटखाली इंजिन, त्यामुळं बसल्या जागी ढुंगण शेकून निघायचं. पुस्तक आक्कांच्या नावानं करून आणलं त्या दिवशी दोघं व्हॅनमधनं गल्लीत एक चक्कर मारून आले. आक्का समोर बघत ताठ बसल्या होत्या, फोटो काढत असल्यासारख्या.

मग जो तो विचारायला लागला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचं म्हणणं, नेपाळला पासपोर्ट लागत नाही, मग तो कसला परदेश. आण्णांना ते लागलं. "गेट हाय, पलीकडं पैसे येगळे हायत, पोलीस येगळं हाय," ते म्हणाले. "आणखी शिंगं पायजेत व्हय परदेशाला?"

थंडी पडली की निघायचं ठरलं होतं. पावसाळा संपता संपता आक्कांना कावीळ झाली. आधी घरचं औषध, मग दवाखाना, मग मोठा दवाखाना. थंडी पडली तेव्हा आक्का नव्हत्या.

आण्णा रडले नाहीत. मी बघत होतो, गल्ली बघत होती. लोक आले, वंदना झाली, लोक गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी व्हॅन धुतली. पुढं रोजच धुवायला लागले. भाजीला, विहारात, पेन्शनच्या कामाला व्हॅनमधनंच जायचे आणि डाव्या सीटवर कुणाला बसवायचे नाहीत. मुलगी नागपूरहून आली तर तिलाही मागं बसवलं. कुणी लिफ्ट मागितली की अंगठा डावीकडं जायचा, रिकाम्या सीटकडं. लोकांनी मागणं सोडून दिलं. मी त्यांची नक्कल करणं सोडलं नाही, पण अंगठा तेवढा गाळायला लागलो.

गाडी नावावर करून घ्या, असं सगळ्यांनी सांगितलं. त्यासाठी मयताचा दाखला जोडायचा आणि कागदावर मूळ मालक मयत असं लिहायचं. आण्णा आरटीओत जायचे, खिडकीपर्यंत जायचे आणि परत यायचे. रांग लई हाय म्हणायचे. मी एकदा बरोबर गेलतो. रांग नव्हती. खिडकीत कारकून एकटाच बसून पेरू खात होता.

"बघू," आण्णा म्हणाले, आणि आम्ही घरी आलो.

असं वर्ष गेलं. परत थंडी पडली. एके दिवशी स्कूलमध्ये येऊन म्हणाले, सर, पंधरा दिवस रजा मिळंल का. मी विचारलं कशाला. "लुंबिनीला जायाचं हाय न्हवं," ते म्हणाले. जसं काही काल संध्याकाळीच आमचं बोलणं झालं होतं.

मुलीनं फोनवर सांगून बघितलं, बाबा, मी येते, आपण रेल्वेनं जाऊ. आण्णांनी तिला एवढंच विचारलं, "मग गाडी कशी जायाची?" तिनं मला फोन करून सांगितलं, दादा, त्यांना जेवायला घाल. मी हो म्हटलं.

निघालो. थोडा वेळ ते चालवायचे, थोडा वेळ मी. ते चालवायला लागले की मी मागं. मी चालवायला लागलो की ते मागं. पुढची सीट रिकामी, खिडकी अर्धी उघडी, डॅशबोर्डवर लिमलेटचं पाकीट. नाशिक, धुळे, इंदूर. टोलनाक्यावरचा पोरगा आधी रिकाम्या सीटकडं बघायचा, मग मागं बसलेल्या माणसाकडं, आणि त्याला वाटायचं मागचा कुणीतरी मोठा साहेब असणार. एकानं तर सलाम ठोकला. आण्णांनी परत सलाम केला, तेही मनापासून.

मी रस्ताभर बडबडत होतो. धाब्यावरचे वेटर, ट्रकवाले, सगळ्यांच्या नकला करत होतो. आण्णा ऐकायचे. हसायच्या जागी हसायचेही, पण बँकेत सही करायला सांगितल्यावर करतात तसं. जेवायला बसलं की अर्धी रोटी खाऊन हात धुवायचे. लॉजवर झोपायचे नाहीत. खुर्ची खिडकीशी ओढून बसायचे, खाली व्हॅन दिसेल अशी. आण्णा, झोपा की जरा, म्हटलं की "व्हय" म्हणायचे आणि तसेच बसायचे.

झाशीच्या अलीकडं एका पोलिसानं एमएच शून्य नऊची पाटी बघून थांबवलं. कुठनं आलात, कुठं चाललात, गाडी कुणाची. आण्णा चालवत होते. "मालकीण की," त्यांनी सांगितलं. कुठं आहे मालकीण, पोलिसानं विचारलं. अंगठा डावीकडं गेला. पोलीस वाकला, रिकामी सीट बघितली, लिमलेटचं पाकीट बघितलं, मग मागं माझ्याकडं बघितलं. मी काहीच केलं नाही. एरवी मी डोळा तरी मारला असता. पोलिसानं व्हॅनच्या टपावर दोनदा हात आपटला आणि जा म्हणाला.

मग कानपूर, लखनौ, गोरखपूर. पुढं सोनौली. तिथं भारत संपतो.

संपतो म्हणजे काय, तर एक बाजार आहे. ट्रकांची रांग, चहाच्या टपऱ्या, धुकं, आणि धुक्यात एक कमान. सायकलवाले, बायका, बकऱ्या, सगळं आरपार ये-जा करत होतं. कुणाला कुणी विचारत नव्हतं. गाडीला मात्र विचारतात. परक्या देशात गाडी न्यायची म्हणजे भन्सार, त्यांच्याकडची जकात, भरायची, आणि ते कागद बनवून द्यायला कमानीजवळ टेबलं टाकून माणसं बसलेली. आमच्या वाट्याला आला तो गळ्यात मफलर गुंडाळलेला जाडा माणूस होता. प्रत्येक वाक्याच्या आधी खोकायचा. त्याची नक्कल मी दोन मिनिटांत उचलली.

आमच्या पुढं गोरखपूरकडचा एक माणूस होता, वडिलांची जीप घेऊन आलेला. वडील वारलेले. मफलरवाल्यानं त्याला पुस्तक परत दिलं. मालक हयात नसेल तर गाडी पलीकडं जात नाही, आधी नाव बदलून आणा, मग या. चोरीच्या गाड्या पलीकडं जातात म्हणून आतले साहेब कडक झालेत, असंही सांगितलं. त्या माणसानं थोडी हुज्जत घातली आणि जीप वळवली.

आण्णा आणि मी शेजारीच उभे होतो. दोघांनीही ते ऐकलं. मी आण्णांकडं बघितलं नाही.

आमचं पुस्तक उघडून मफलरवाला खोकला. "यह तो किसी महिला के नाम है. मालकिन कहाँ हैं?"

आता अंगठा जाईल असं मला वाटलं. अंगठा गेला नाही. आण्णा बाकावर बसले आणि म्हणाले, "घर पे है."

मफलरवाला म्हणाला मग सोपं आहे, मालकिणीशी फोनवर बोलतो, त्यांनी हो म्हटलं की संमतीची चिठ्ठी करून टाकू. मोबाईल तेव्हा कुणाकुणाकडंच असायचा, त्याच्याकडं होता. नंबर सांगा, तो म्हणाला. आणि आण्णांनी घरचा नंबर सांगितला. कोड नंबरासकट, न अडखळता.

त्यानं लावला. पलीकडं घंटी वाजत होती ती आम्हाला ऐकू येत होती. कोल्हापुरात कुलूप लावलेल्या घरात तो फोन वाजत होता. आण्णा मान जरा पुढं करून ऐकत होते. वाजून वाजून बंद झाला. त्यानं परत लावला. परत तेच.

"कोई उठाता नहीं."

"बाजार को गई होगी," आण्णा म्हणाले.

मला तिथं थांबवेना. मी म्हटलं, शेजारच्यांना फोन करून निरोप देतो, आक्का इकडंच फोन करतील, तुम्ही बसा. आण्णांनी मान हलवली. मी बाजारात मागं गेलो, आपल्या बाजूला, जिथं एसटीडीचा बूथ होता. मफलरवाल्याचा नंबर त्याच्या पाटीवर रंगवलेला होता, तो मी येतानाच डोक्यात ठेवला होता.

बूथमध्ये शिरलो, दार ओढलं, नंबर फिरवला. तिकडं खोकला ऐकू आला. मी आधी उसासा टाकला.

"हॅलो. मैं कोल्हापूर से बोलता. वो सफेद व्हॅन मेरी है. मैंने दी है उनको. जाने दो की."

मफलरवाला एकदम नरम पडला. माताजी म्हणायला लागला. आप साथ क्यों नहीं आईं, त्यानं विचारलं.

"मेरे को गाडी लगती है."

काय लागते ते त्याला कळेना. मी उलटीचं सांगितलं, साताऱ्याचंही सांगितलं. तो हसला. मलाही हसू येत होतं, खरं सांगतो. काम फत्ते झालं होतं. मी फोन ठेवणार, तेवढ्यात तो म्हणाला, "लीजिए, साहब से बात कीजिए."

हे मी धरलंच नव्हतं. तिकडं फोन एका हातातनं दुसऱ्या हातात गेल्याची खरखर झाली. मग नुसता श्वास. बूथच्या काचेवर कुणीतरी बोटानं नाव लिहिलं होतं, ते मी वाचत राहिलो.

"जेवलीस?" आण्णा म्हणाले.

आण्णा, मी हाय, असं म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. उसासा टाकला.

"जेवलो की. तुमी?"

"न्हाय."

"मग जेवा की. किती वाळलायसा."

"व्हय." परत श्वास. मागं ट्रकचे हॉर्न. मग ते म्हणाले, "येत्यास न्हवं?"

नक्कल करणाऱ्याला एक खोड असते. माणूस पुढं काय बोलेल ते आपल्या तोंडात आधीच येऊन बसतं. आक्का घरातनं निघताना दाराला कडी घालत जे म्हणायच्या, तेच माझ्या तोंडात आलं.

"तुमी व्हा म्होरं."

त्या वाक्याला पुढं अजून शेपूट असायचं. मी आलोच. ते जिभेवर आलं होतं, आवाज लागलेला होता, नुसतं सोडायचं होतं. मी सोडलं नाही.

आण्णा थांबले होते. त्यांनाही ते वाक्य माहीत होतं, माझ्यापेक्षा जास्त.

"बरं," ते म्हणाले, आणि फोन त्यांनीच बंद केला.

बूथवाला काचेतनं माझ्याकडं बघत होता. एवढा दाढीमिशीचा पोरगा बायकी आवाजात बोलतोय, त्याला काय वाटलं असेल. एरवी मी त्यालाही एक आवाज काढून दाखवला असता. पैसे दिले आणि बाहेर पडलो.

टेबलापाशी आलो तर आण्णा बाकावर तसेच बसले होते, हात मांडीवर. मफलरवाला चिठ्ठी लिहीत होता. मी जवळ गेल्यावर मान वर न करता, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "माताजी का नंबर तो इसी बाजार का आ रहा था." लिहून झाल्यावर कागद आण्णांकडं सरकवला, माताजींच्या वतीनं सही करा म्हणाला. आण्णांनी खिशातलं पेन काढलं आणि आक्कांचं नाव लिहिलं. आक्का लिहायच्या तसं, एकेक अक्षर सुटं, मोठं.

कागद आत गेला, शिक्का बसला. आण्णा स्टेअरिंगवर बसले. मी मागं. कमानीखालचा शिपाई कागद बघून बाजूला झाला आणि आक्कांची व्हॅन देशाच्या बाहेर गेली. मला वाटलं आता आण्णा काहीतरी बोलतील. ते दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चालवत होते, आणि समोर सायकलवाला होता म्हणून त्याला जाऊ देत होते.

थोडं पुढं एका पत्र्याच्या हॉटेलासमोर त्यांनी गाडी बाजूला घेतली. आत जाऊन बसले. डाळ, भात, मोहरीची भाजी आली. आण्णांनी ते सगळं खाल्लं. परत भात मागवला, तोही खाल्ला. कोल्हापूर सोडल्यापासून मी त्यांना असं जेवताना बघितलं नव्हतं.

बाहेर आल्यावर ते रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. समोर ऊस होता. मी लांबच थांबलो, मला वाटलं रडत असतील, रडू दे. बराच वेळ पाठ दिसत होती. शेवटी मी जवळ गेलो. रडत नव्हते. उसाकडं बघत होते.

"बारका हाय ऊस," म्हणाले. "आपल्याकडं असला कारखाना घेणार न्हाय."

मी व्हय म्हटलं.

मग तशाच आवाजात, उसाकडंच बघत म्हणाले, "घरी गेल्यावर आरटीओत जाऊया. नाव बदलून घ्यायचं हाय."

"व्हय," मी म्हटलं.

"दाखला कपाटात हाय."

"व्हय, आण्णा."

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि मागं जाऊन बसले. फोनचं त्यांनी तेव्हा काही काढलं नाही, नंतर कधीच काढलं नाही. मीही काढलं नाही.

लुंबिनीचा रस्ता सरळ होता. धुकं विरत चाललं होतं, दोन्ही बाजूला गव्हाची शेतं, मधेच पिवळी मोहरी. मी एकदोनदा काहीतरी बोललो, मागनं उत्तर आलं नाही. आरशात बघितलं तर आण्णा झोपले होते. डोकं खिडकीला टेकलेलं, तोंड उघडं, खड्डा आला की डोकं काचेवर आपटत होतं तरी जाग येत नव्हती. मी हळू चालवायला लागलो. मागच्या गाड्या हॉर्न मारून पुढं जात होत्या, त्यांना जाऊ दिलं.

लुंबिनी आली. गाडीतळावर एका झाडाखाली व्हॅन लावली आणि इंजिन बंद केलं. समोरनं भगवी वस्त्रं घातलेल्या भिक्खूंची एक रांग आत चालली होती, मागं दोन बसा भरून आलेली बायामाणसं. फुलं विकणारी एक पोरगी खिडकीशी आली. मी तोंडावर बोट ठेवलं. तिनं आत वाकून आण्णांना बघितलं आणि पुढच्या गाडीकडं गेली.

उठवलं नाही मी. काच थोडी खाली घेतली आणि बसून राहिलो.